पेंढ्याचे चाक

मुलांनो, महाबळेश्वर तुम्ही पाहिले असेल. प्रत्यक्ष नसेल, तर चित्रात तरी नक्कीच पाहिले असेल. वेण्णा तलावातल्या होड्या, बाजारातले चणे, स्ट्रॉबेरी, घोडे आणि दाट धुके. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांहून जास्त उंचीवर वसलेले हे थंड हवेचे गाव सर्वांच्या ओळखीचे आहे. पण महाबळेश्वर हे जसे गावाचे नाव आहे, तसे ते तालुक्याचेही नाव आहे. त्या तालुक्याचा एक कोपरा कोयना नदीच्या पाण्यापलीकडे आहे. त्याला कांदाटी खोरे म्हणतात. अकल्पे, लामज, उचाट, वळवण, शिंदी अशी लहान लहान गावे तेथे डोंगरांच्या कुशीत बसली आहेत. प्रवासी तिकडे सहसा जात नाहीत. मी मात्र एकदा गेलो, आणि तेही मोटारसायकलवरून.

ती हकिकत सांगण्याआधी दोन शब्दांविषयी बोलू या. 'रस्ता' हा शब्द तुमच्या घरचाच आहे. उर्दूत तुम्ही 'रास्ता' म्हणता, मराठीत आम्ही 'रस्ता' म्हणतो. फारसीने तो आपल्या दोघांना दिला. मराठीत याच अर्थाचा आणखी एक शब्द आहे, 'वाट'. पण दोन्हींत फरक आहे बरे का! रस्ता बांधावा लागतो. त्यासाठी खडी लागते, डांबर लागते, सरकारी मंजुरी लागते. वाट कोणी बांधत नाही. माणसे आणि गुरे चालतात आणि वाट पडते. एखाद्याची येण्याची प्रतीक्षा करणे म्हणजे वाट पाहणे. अडचणीतून मार्ग शोधणे म्हणजे वाट काढणे. आणि 'वाट लागणे' म्हणजे काय, ते तुम्हाला तुमच्या मित्रांनी केव्हाच शिकवले असेल!

गोष्ट २००९ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली आहे. तेव्हा मी नववीत होतो. शिक्षणासाठी महाबळेश्वरला मामूंकडे राहत होतो. मामूंचे गाड्या दुरुस्त करण्याचे छोटेसे गॅरेज होते. आमची नानी खाली कोकणात, खेडला माझ्या आईकडे असे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरांनी दोन वेळा ऑपरेशनची तारीख दिली आणि दोन्ही वेळा नानीने काहीतरी कारण काढून ती टाळली. खरे कारण भीती हेच होते. तिसऱ्या वेळी तिने अट घातली, "माझा मुलगा शेजारी असेल, तरच मी ऑपरेशनला जाईन." तारीख ठरली. सकाळी नऊ वाजता दवाखान्यात हजर व्हायचे होते. ऑपरेशनचे पैसे मामूंच्या आतल्या खिशात होते. आम्हाला आदल्या दिवशी रात्रीपर्यंत खेडला पोहोचायचे होते.

महाबळेश्वरहून खेडला जायचा नेहमीचा मार्ग आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरतो आणि तेथून हमरस्त्याने दक्षिणेला जातो. पण त्या दिवशी मामूंना आधी तापोळ्याला जायचे होते. तेथील एका लाँचच्या इंजिनाचा भाग त्यांनी दुरुस्त केला होता. लाँचवाल्याचा धंदा चार दिवस बंद होता, म्हणून तो भाग पोहोचवणे आवश्यक होते. तापोळे महाबळेश्वरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, उलट दिशेला आहे. तेथून पुन्हा डोंगर चढून महाबळेश्वरला यायचे आणि मग घाट उतरायचा, म्हणजे सगळा दिवस गेला असता. मामूंनी विचार केला, की तापोळ्याहून लाँचने पाणी ओलांडावे, कांदाटी खोऱ्यातून शिंदीला जावे आणि रघुवीर घाटाने खेड तालुक्यात उतरावे. नकाशावर पाहिले, तर हा मार्ग अर्ध्याहून कमी दिसतो. नकाशावर चढ-उतार आणि दगडधोंडे दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मामूंची मोटारसायकल जुनी राजदूत होती. दिसायला ओबडधोबड आणि वजनाला भारी. चालू झाली, की साऱ्या गल्लीला कळे. दूधवाल्यांची ही आवडती गाडी, कारण दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन बांधल्या तरी ती कुरकुर करत नसे.

तापोळ्याला आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो. मामूंनी इंजिनाचा भाग बसवला, दोरी ओढली आणि लाँच धडधडू लागली. लाँचवाल्याने आनंदाने आम्हाला पलीकडे सोडायचे कबूल केले. दोन फळ्या टाकून चार माणसांनी राजदूत लाँचमध्ये चढवली. मी पाण्याकडे पाहत राहिलो. हा शिवसागर जलाशय. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि दक्षिणेकडे वाहत जाते. पुढे कोयनानगरजवळ तिच्यावर १०३ मीटर उंचीचे धरण बांधले आहे. त्या धरणाचे पाणी डोंगरांमधून मागे सरकत पार तापोळ्यापर्यंत येते. वारा नव्हता. दोन्ही काठांचे डोंगर पाण्यात उलटे उभे होते.

पलीकडे उतरल्यावर काही अंतर रस्ता बरा होता. कच्चा होता, पण रुंद होता. मग तो अरुंद झाला. त्यावर पाण्याने खोल चर पाडले होते. याला कारण होते. त्याच महिन्यात, ११ नोव्हेंबरला, फयान नावाचे चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले होते. समुद्रात गेलेले कितीतरी मच्छीमार त्यात दगावले. घाटमाथ्यावरही अवेळी पाऊस झाला. पावसाळा संपला म्हणून लोकांनी भात कापून शेतात ठेवले होते. ते भिजले. आणि या खोऱ्यातली माती वाहून जाऊन तिच्याखालचे दगड उघडे पडले.

एका वळणावर रस्ता एकदम थांबला. समोर ओढा होता. ओढ्यावर सिमेंटचे नळे घालून मोरी बांधलेली होती. तिचे दोन नळे आता खाली झुडपांत जाऊन पडले होते आणि मोरीच्या जागी माणूसभर खोल खड्डा होता. मोबाइलला रेंज नव्हती. मागे फिरावे, तर लाँच केव्हाच निघून गेली होती.

इतक्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक मुलगा आला. तो माझ्याच वयाचा असेल. त्याने आमच्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले आणि भारा खाली न ठेवताच म्हणाला, "रस्ता गेला वाहून. वरल्या अंगानं वाट आहे. आमची गुरं जातात."

"गाडी जाईल का?" मामूंनी विचारले.

तो थोडा विचार करून म्हणाला, "गाडी आजवर कुणी नेली नाही. पण म्हैस जाती."

मामू हसले. म्हैस जाते म्हणजे वाट पुरेशी रुंद आहे, असा हिशेब त्यांनी केला. आणि तो हिशेब बरोबर होता. फक्त म्हशीला चार पाय असतात आणि राजदूतला दोन चाके!

मुलांनो, अशा वाटेवर मोटारसायकल कशी चालवतात, ते मी त्या दिवशी पाहिले. मामूंनी मला खाली उतरवले. बॅग माझ्या पाठीवर दिली. मग ते पायटांवर उभे राहिले. बसून गाडी चालवली, तर प्रत्येक दगडाचा धक्का कमरेला बसतो आणि गाडी माणसाला फेकते. उभे राहिल्यावर गुडघे स्प्रिंगसारखे काम करतात आणि गाडीला हवे तसे हलू देता येते. पहिला गिअर आणि एकसारखी चाल. नजर पुढच्या चाकावर नाही, तर आठ-दहा पावले पुढे. "ज्या दगडाकडे पाहशील, त्याच दगडावर जाशील," असे ते म्हणत. उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, नाहीतर सुट्या खड्यांवर पुढचे चाक घसरते. उतार इंजिनाच्या बळावर उतरायचा. म्हणजे गिअर पहिला ठेवायचा आणि क्लच सोडून द्यायचा. इंजिनच चाकाला धरून ठेवते.

महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा दगड आहे. तो लाल आणि सच्छिद्र असतो. कोरडा असेल, तर चाकाला चांगला धरतो. पण खोऱ्यात उतरले, की काळा पाषाण लागतो. हा सारा सह्याद्री फार पुरातन काळी थरावर थर साचलेल्या लाव्हारसातून तयार झाला आहे. त्याचे तुकडे वाटेवर पडलेले असतात. काही टोपलीएवढे, काही नारळाएवढे. नारळाएवढे दगड सर्वांत वाईट. ते चाकाखाली फिरतात. चढावर मी मागून ढकलत होतो. मागचे चाक जागच्या जागी फिरे आणि लाल चिखल माझ्या तोंडावर उडे. दीड-दोन किलोमीटर जायला आम्हाला दोन तास लागले असतील. त्या वाटेवरून दोन बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन आमच्या शेजारून पुढे गेल्या आणि दिसेनाशाही झाल्या. पायांत त्यांच्या चपलासुद्धा नव्हत्या.

गाव दिसू लागले आणि तेव्हाच मागचे टायर बसले. एका धारदार दगडाने ट्यूब फाडली. गाडी तशीच उतारावरून घसरत थांबली. त्या घसरण्यात टायर रिमवरून सरकले आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायची नळी, मुळापासून तुटली. पंक्चर असते, तर मामूंनी पाच मिनिटांत काढले असते. त्यांच्याकडे पाने, सोल्यूशन, ठिगळ, सगळे होते. पण तुटलेल्या व्हॉल्व्हला ठिगळ कसे लावणार? दुपारचे तीन वाजून गेले होते.

आम्ही गाडी ढकलत पहिल्या घरासमोर आणली. पडवीत एक आजोबा बसले होते. सत्तरीचे असतील. त्यांनी आधी पाणी दिले, मग गूळ दिला आणि मगच विचारले, "कुठं निघाला, पाव्हणं?" मामूंनी नानीच्या ऑपरेशनची सगळी हकिकत सांगितली. आजोबा उठले, टायर दाबून पाहिले आणि म्हणाले, "ह्याच्यात हवाच पाहिजे का? दुसरं काही भरलं तर?"

मामूंनी एकदम मान वर केली. त्यांच्याही मनात तेच आले होते. पण बोलायचा धीर होत नव्हता. कारण भरण्यासारखी एकच गोष्ट तेथे होती, ती म्हणजे आजोबांच्या अंगणातली पेंढ्याची उडवी. भात झोडून झाल्यावर जी वाळलेली काडी उरते, तिला पेंढा म्हणतात. गुरांना पुढचे सहा महिने तोच खायचा असतो. त्या वर्षी अर्धा पेंढा वादळाच्या पावसाने काळा पडला होता. काळा पेंढा गुरे खात नाहीत. मामू म्हणाले, "बाबा, आम्हाला तो काळा द्या."

आजोबांनी काळ्या पेंढ्याची एक मूठ उचलून पिळली. तिचा भुगा झाला. "हा चाकात टिकायचा नाही," ते म्हणाले आणि उडवीवर चढून त्यांनी वरचा सोनेरी पेंढा खाली टाकायला सुरुवात केली. गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस होती. तिघेही आमच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेला नजर द्यायला मला फार अवघड वाटले.

टायरमध्ये पेंढा भरणे हे सोपे काम नाही. नुसता कोंबला, तर तो चार पावलांत दबतो. आजोबांनी पेंढ्यावर पाणी शिंपडले, म्हणजे काडी मऊ होते. मग आम्ही तिघांनी त्याचे जाड दोर वळले. मामूंनी टायरची एक कड रिमबाहेर काढली आणि दोर आत घालायला सुरुवात केली. लाकडी मोगरीने ठोकून ठोकून ते बसवले. किती पेंढा जातो, याची तुम्हाला कल्पना येणार नाही. मला वाटले, एक पेंढी पुरेल. प्रत्यक्षात आमच्याभोवतीचा ढीग संपला, आजोबा पुन्हा उडवीवर चढले आणि तरीही टायर अंगठ्याने दाबले, तर दबत होते.

काम करता करता आजोबा बोलत होते. ते म्हणाले, "हे आमचं गाव नव्हं. गाव खाली आहे, पाण्यात." कोयना धरणात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवले, तेव्हा ते विशी-बाविशीचे होते. नदीकाठची भाताची खाचरे, घरे आणि काठाकाठाने जाणारी सपाट वाट, सारे पाण्याखाली गेले. धरणग्रस्त लोकांना सरकारने दूरदूरच्या जिल्ह्यांत जमिनी दिल्या. कोणी सोलापूरकडे गेले, कोणी रायगड आणि ठाण्याकडे. काही जण मात्र गेले नाहीत. ते डोंगरावर वर सरकले. ज्या वाटेने आम्ही आलो, ती त्यानंतर पडलेली वाट होती. "खालून बैलगाडी जायची आमची," आजोबा म्हणाले. "आता कुणी आजारी पडलं, तर झोळी करून पाण्यापर्यंत न्यायचं आणि लाँचची वाट बघायची. वर काही रस्ता येतो. पावसात जातो. परत येतो."

उन्हाळ्यात पाणी उतरले, की आजोबांना त्यांच्या जुन्या घराचे जोते दिसे. तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात लोक पिके घेत. आजोबा एकदा त्या जोत्यावर जाऊन बसायचे आणि परत यायचे.

तुम्ही घरी दिवा लावता, तेव्हा त्यातली थोडी वीज या पाण्याची असू शकते. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळीकडे सोडतात आणि त्याच्या जोरावर विजेची यंत्रे फिरतात. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राचे कितीतरी कारखाने या विजेवर उभे राहिले. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळे मी वाचले होते आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. झोळी आणि जोते मात्र पुस्तकात नव्हते.

साडेचारला चाक तयार झाले. मामूंनी खिशातून पैसे काढले. आजोबांनी त्यांचा हात धरून पुन्हा खिशाकडे वळवला. "ते डोळ्याचं पैसं आहेत. त्यातलं घेऊ होय?" मग ते आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत नाचणीचे पीठ होते. "घाटाखाली खोपीला माझी लेक दिली आहे. दिवाळीला आली नाही ती. एवढं तिला पोचवा." ही आमची मजुरी! मी पिशवी छातीशी बांधली.

पेंढ्याच्या चाकावर गाडी चालते कशी? लंगडत चालते. मागून पाहिले, तर बदक चालल्यासारखी दिसते. ताशी पंधरा किलोमीटरच्या वर वेग नेला, तर पेंढा आत घासून तापतो आणि त्याचा भुगा होतो. म्हणून मामू सावकाश चालवत होते. चढ आला, की मी उतरून चालत होतो. एकदा दोघेही थांबलो, कारण समोर वाटेत गवा उभा होता. गवा म्हणजे रानातला प्रचंड बैलासारखा प्राणी. अंग काळेभोर आणि चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. मामूंनी इंजिन बंद केले. हॉर्न वाजवला नाही, दिवा लावला नाही. गवा आमच्याकडे पाहत राहिला. माझे हृदय इतके धडधडत होते, की त्याला ऐकू जाईल असे मला वाटले. पाच मिनिटांनी त्याने एक सुस्कारा सोडला आणि तो सावकाश कारवीत शिरला. मामू कुजबुजले, "ही वाट त्याची. तो गेला, की आपली."

शिंदीच्या पुढे आलो, तेव्हा सूर्य मावळत होता. रघुवीर घाटाच्या तोंडाशी डोंगर एकदम संपतो. खाली सारे कोकण निळ्या धुरात पसरलेले होते. थांबून पाहायला वेळ नव्हता, तरी मामूंनी अर्धा मिनिट गाडी थांबवली. मग पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या बळावर, आम्ही घाट उतरू लागलो. मागच्या चाकातून जळक्या पेंढ्याचा वास येऊ लागला होता. दोन वेळा थांबून आम्ही झऱ्याचे पाणी टायरवर ओतले.

खोपीला पोहोचलो, तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. विचारत विचारत आजोबांच्या मुलीचे घर शोधले. तिने पिशवी हातात घेतली, ती उघडली नाही. आधी पिठाचा वास घेतला. "बाबा बरे आहेत ना?" एवढेच तिने विचारले. मग तिच्या नवऱ्याने शेजारच्या गॅरेजवाल्याला उठवले आणि जुनी, पण चांगली ट्यूब मिळाली. टायर उघडले, तेव्हा आतून पेंढा निघाला नाही. काळसर, गरम भुगा निघाला. आणखी दोन किलोमीटर तो टिकला असता की नाही, देव जाणे. त्यातली मूठभर काडी तेवढी अजून पिवळी होती.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही खेडला घरी पोहोचलो. नानी दारातच बसली होती. तिला आमचे चेहरे नीट दिसले नाहीत, म्हणून चिखल दिसला नाही. तिने मामूंच्या शर्टाला हात लावला, हुंगले आणि म्हणाली, "गोठ्यातून आलास का रे?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती दवाखान्यात हजर होती. मामूंचा हात तिने दारापर्यंत सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, "आता सोडा." तेव्हा तिने सोडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चश्मा लावून ती अंगणात आली, भिंतीला टेकलेल्या राजदूतजवळ गेली आणि मागच्या चाकाच्या तारांत अडकलेली पेंढ्याची एक काडी तिने दोन बोटांनी ओढून काढली.

"ही कुठली?" तिने विचारले.

मामू सांगू लागले, तेव्हा चहा दोन वेळा गार झाला.